धागा तुटला की लूम थांबतो

गणपतीच्या देखाव्यात लोकांना पडद्यापुढचं दिसतं. पडद्याआड बांबूला पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी वायरींचा गुंता घेऊन जो बसलेला असतो, त्याचे दहा दिवस कसे जातात हे कुणी विचारत नाही. बुऱ्हाणपुरात एका वर्षी तिथे मी बसलो होतो.

विषय ठरला कुंडी भंडारा. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंड्यांच्या रांगेतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी ही व्यवस्था १६१५ च्या सुमाराची. सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना, आखणी तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाची. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत तिचं नाव गेलं. चारशे वर्षं ना पंप, ना मोटर. आमच्या पुठ्ठ्याच्या कुंडी भंडाऱ्याला मात्र चार मोटरी लागल्या!

बेत साधा होता. लॅपटॉपवर निवेदन वाजणार. ठरलेल्या वाक्याला लॅपटॉप यूएसबीच्या तारेतून एक आज्ञा पाठवणार. पलीकडे बसलेला आर्डुइनोचा हातभर नव्हे, तळहाताएवढाही नसलेला बोर्ड ती वाचून मोटर फिरवणार. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्ह्रेआ गावात जन्मला, तोही इंजिनिअरांसाठी नव्हे, डिझाइन शिकणाऱ्या पोरांसाठी. नाव मिळालं तिथल्या एका बारवरून. म्हणजे आमच्यासारख्या हौशी लोकांसाठीच की, असं मला वाटलं होतं.

एका सेकंदाचा दरवाजा

पहिली फजिती शहराच्या दरवाजाची. छोटी सर्व्हो मोटर, आज्ञा ‘९०’, म्हणजे नव्वद अंशांपर्यंत वळ. एंटर दाबलं, दरवाजा दिमाखात उघडला आणि बरोबर एका सेकंदाने आपोआप मिटला. पुन्हा ९०, पुन्हा तेच. मोटर बदलली, वायर बदलली. मंडळातल्या एकाने तर नारळ फोडला का म्हणून विचारलं.

दोष निघाला एंटरचा. ‘९’ आणि ‘०’ यांच्या मागोमाग ओळ संपल्याची एक न दिसणारी खूणही तारेतून जाते. बोर्डाने नव्वद वाचलं, दरवाजा उघडला. मग त्याला दिसलं की अजून काहीतरी आलंय. त्यात आकडा शोधत तो सेकंदभर थांबला, सापडला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे शून्य धरलं. शून्य अंश म्हणजे दरवाजा बंद. मी दिलेली आज्ञा त्याने पाळली होतीच, न दिलेलीही पाळली होती. मग आम्ही ठरवलं: ती खूण दिसेपर्यंत अक्षरं नुसती साठवायची, ती आली की वाक्य पुरं झालं असं समजायचं, आणि मगच हालचाल.

मराठीत ‘थांब’

मंडळातल्या एका ताईंनी अट घातली, की देखावा आपला तर आज्ञाही आपल्या भाषेत. मी ‘थांब’ लिहून पाठवलं. मोटर चालूच.

इंग्रजीतलं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीत तसं नाही. थ, काना, अनुस्वार, ब असे चार घटक, प्रत्येकाला तीन बाइट. म्हणजे ‘थांब’ बारा बाइटांचा, आणि माझा प्रोग्रॅम साठवलेल्या ओळीतला एकच बाइट ओळखणारा. वेगाचा प्रश्न नव्हता. ९६०० बॉडला एक बाइट जायला साधारण एक मिलिसेकंद पुरतो. (बॉड हे नाव तारयंत्रवाल्या फ्रेंच एमिल बोदोचं.) पण बारा बाइटांतला एक जरी हुकला तर शब्द ओळखूच येणार नाही. ताईंशी तडजोड झाली. तारेतून एकच आकडा जाईल, पण कोणता आकडा म्हणजे काय, ही यादी शुद्ध मराठीत लिहून बांबूला चिकटवायची. ० थांब, १ दरवाजा उघड, २ बादली खाली, ३ बादली वर.

बादली उचलताना बोर्ड बसतो

कुंडीत उतरणाऱ्या बादलीसाठी गाडीची जुनी वायपर मोटर आणली होती. जोर भरपूर, भूकही भरपूर. मोटरला वीज पुरवणाऱ्या, दोन अँपिअर पेलणाऱ्या लहान ड्रायव्हर सर्किटला तिने पहिल्याच दिवशी चटके दिले. शिवाय बोर्ड आणि मोटर एकाच सप्लायवर, त्यामुळे मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसायचं आणि बोर्ड पुन्हा ‘आत्ताच जागा झालो’ म्हणायचा. मग मोठा ड्रायव्हर आला, मोटरला वेगळा सप्लाय, बोर्डाला वेगळा अडॅप्टर. फक्त दोघांच्या ग्राउंडच्या तारा एकमेकींना जोडलेल्या.

जागं होण्यावरून आणखी एक. लॅपटॉपने पोर्ट उघडला की हा बोर्ड रीसेट होतो. नवा प्रोग्रॅम चढवताना ती सोय, देखाव्यात ती गोची. पहिली आज्ञा त्याच्या झोपेतच वाहून जायची. म्हणून आधी बोर्डानेच ‘तयार’ म्हणायचं आणि मगच लॅपटॉपने तोंड उघडायचं, असा शिरस्ता पडला.

जॉबरकाका

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर चांगली गर्दी. बादली वर चढत होती. तेवढ्यात फोकस लावायला कुणीतरी माझ्या लॅपटॉपची पिन काढली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच म्हातारी झालेली. स्क्रीन काळी.

बोर्ड मात्र स्वतःच्या अडॅप्टरवर ठणठणीत. त्याने शेवटचं ऐकलं होतं ‘बादली वर’. ‘थांब’ म्हणणारा मेला होता. बादली चढली, कप्पीला भिडली, दोरी ताणली, आणि पुठ्ठ्याचा बुरूज हळूहळू वाकून पाण्यात बसला.

पडदा पाडला. मागे एक काका येऊन उभे राहिले. सारी हयात पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे लूमची देखभाल करणारा कारागीर, म्हणून गेलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे पोरा, धागा तुटला की आमचा लूम कुणी सांगायची वाट पाहतो का? आपोआप थांबतो. तुझं मशीन का नाही थांबत?”

लूमवर बाण्याच्या धाग्यावर टेकणारा एक छोटा काटा असतो. धोटा पलीकडे गेला की धागा त्या काट्याला ढकलतो. काटा हलला तर लूम पुढे. नाही हलला, तर धागा नाही, लूम बंद. म्हणजे लूमला ‘थांब’ असं कुणी सांगतच नाही. त्याला घडोघडी ‘चाल’ सांगितलं जातं आणि ते ऐकू आलं नाही की तो थांबतो. मी नेमका उलटा कारभार केला होता. चालायला एक आज्ञा, थांबायला दुसरी, आणि दुसरी पोचेलच हा भरवसा.

त्या रात्री बुरूज दुसऱ्यांनी चिकटवला, मी प्रोग्रॅम उलटा केला. मोटर फिरत असेपर्यंत लॅपटॉप सेकंदाला पाच वेळा ‘चालू दे’ चा एक बाइट पाठवत राहील. बोर्डाने अर्धा सेकंद काही ऐकलं नाही तर सगळ्या मोटरी बंद. त्यासाठी बोर्डाला डोळे मिटून ठरावीक वेळ थांबवणाऱ्या ओळी काढून टाकल्या. झोपलेल्याला शांतता कशी ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना काका आले, बादली निम्म्यावर असताना न विचारता यूएसबीची तार उपटली. बादली जागच्या जागी लटकली. काकांनी दोन बोटांनी दोरी चाचपली, जसा लूमवरचा ताण्याचा धागा चाचपतात, आणि तार परत माझ्या हातात दिली.

बांबूवरच्या यादीतली ‘० थांब’ ही ओळ विसर्जनापर्यंत तशीच होती. तिच्याखाली काकांच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढली होती: काहीच न आल्यास, थांब.