जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरचे माप कसे सुधारावे?

कापड मोजण्याची आमची लोखंडी मीटरपट्टी ठराविक मुदतीने वैधमापन खात्याच्या शिक्क्यासाठी न्यावी लागते. पट्टी एक सेंटिमीटरने आखूड निघाली तर दर शंभर मीटरमागे गिऱ्हाइकाचे एक मीटर कापड आमच्याकडे राहते, आणि ते हराम आहे. माप-तोलात काटछाट करणाऱ्यांवर कुरआन शरीफमध्ये अल-मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे, हे व्यापारी बंधूंना नव्याने सांगायला नको. परंतु ज्या कारागिराची पट्टी विजेच्या यंत्रात दडलेली असते, त्याने ती कशी तपासावी? आमच्या भाच्यामुळे हा विषय आम्हाला समजून घ्यावा लागला.

भाचा रत्नागिरीत मच्छीमार नौकांचे व्हीएचएफ वायरलेस संच दुरुस्त करतो. समुद्रात संकट आले की नौका सोळा नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर हाक देते. संच त्या जागेवरून साधारण दीड हजार हर्ट्झपर्यंत सरकला तरी चालतो, त्यापुढे नाही. भाच्याकडे बाजारातून जुना घेतलेला एचपी कंपनीचा ५३१३१ए काउंटर आहे. हे मॉडेल १९९४ सालचे. पुढे कंपनीचा हा धंदा १९९९ मध्ये अॅजिलेंटकडे आणि २०१४ मध्ये कीसाइटकडे गेला, पण यंत्रे अजून दुकानादुकानांत चालू आहेत. त्याने जुळवून दिलेला एक संच दुसऱ्या कारागिराकडे गेला आणि तिथे तो नऊशे हर्ट्झहून अधिक वर भरला. दोन्ही काउंटर शेवटच्या हर्ट्झपर्यंत आकडे दाखवीत होते. खरा कोणता?

काउंटर कसे मोजतो, ते आधी पाहू. तो एक सेकंद दार उघडतो आणि आत आलेल्या लाटा मोजतो. सेकंद संपला हे त्याला सांगणारा म्हणजे आतला १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर. त्याचे एक कोटी ठोके झाले की काउंटर एक सेकंद धरतो. क्रिस्टल घाईत असेल तर दार लवकर बंद होते आणि आकडा कमी येतो. म्हणजे पडद्यावर दहा आकडे दिसले म्हणून दहाही खरे, असे नव्हे. आमच्या धंद्यातही काही जण पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा बारीक आहेत एवढ्यावरच खूश असतात!

भाच्याने जीपीएसवर चालणारा १० मेगाहर्ट्झचा स्रोत आणून काउंटरला जोडला. उपग्रहांत अणुघड्याळे असल्याने या स्रोताची दीर्घकाळची सरासरी फार खरी असते. काउंटरने साठ हर्ट्झ कमी दाखवले. कोटीला साठ ठोक्यांची घाई! १५६.८ मेगाहर्ट्झवर हीच चूक सुमारे ९४० हर्ट्झ होते. भाच्याने जुळवलेले सगळे संच मर्यादेच्या आत होते खरे, पण मर्यादेचा सुमारे साठ टक्के भाग त्याच्या काउंटरनेच खाल्ला होता.

यात यंत्राचा दोष नव्हता. साध्या क्रिस्टलबद्दल कंपनीचेच म्हणणे असे, की वयोमानाने तो महिन्याला कोटीमागे तीनपर्यंत सरकू शकतो, आणि शून्य ते पन्नास अंश उष्णतेत कोटीमागे पन्नासपर्यंत. म्हणून नुसता स्क्रू फिरवून आज आकडा बरोबर केला, तरी मे महिन्याच्या दुपारी तो पुन्हा हलणार.

यावर उपाय ओव्हनचा क्रिस्टल. छोट्या बंद डबीत क्रिस्टलला हीटरने एकाच उष्णतेवर, बहुधा पंच्याहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास ठेवतात. मग बाहेर उन्हाळा असो की पावसाळा, त्याला फारसा फरक पडत नाही. याच मॉडेलसाठी कंपनीने काढलेल्या एका ओव्हनची वयोमानाची हद्द अशी, की कोटीला एक ठोका चुकायला निदान दोनशे दिवस लागावेत. काउंटरच्या आत त्यासाठी जागा ठेवलेली आहे. कंपनीचा ओव्हन महाग पडतो, त्यामुळे बरेच कारागीर टेलिफोन टॉवरच्या यंत्रांतून निघालेले जुने ओव्हन घेतात.

इथे कापडाच्या उलट हिशेब आहे. बरीच वर्षे अखंड चाललेला क्रिस्टल नव्यापेक्षा सहसा कमी सरकतो. मात्र घेताना घाई करू नये. बारा व्होल्टचा आहे की पाचचा, हे आधी पाहावे. सुरुवातीला तो करंट जास्त ओढतो आणि तापल्यावर करंट उतरला पाहिजे. उतरलाच नाही तर हीटर किंवा आतला कंट्रोल गेला समजावे. सूक्ष्म जुळणीचा स्क्रू एका टोकाला लागूनच जेमतेम १० मेगाहर्ट्झ येत असेल, तर तोही नको. काही ओव्हन गोलसर लाट देतात आणि यंत्राला चौकोनी हवी असते, तिथे मध्ये बफरची आयसी घालावी लागते. ज्याला मेन्स सप्लायच्या कामाची सवय नाही, त्याने डबा उघडूच नये. मागच्या बाजूच्या बाहेरील रेफरन्सच्या सॉकेटला जीपीएसचा १० मेगाहर्ट्झ जोडला तरी काम होते. रुबिडियमची अणुघड्याळेही जुन्या बाजारात मिळतात, पण त्यांचा दिवा कधीतरी संपतो आणि वायरलेस दुरुस्तीला एवढ्याची गरज नाही.

बसवल्यावर जुळणी लगेच करू नये. बरेच दिवस बंद पडलेला ओव्हन स्थिरावायला वेळ घेतो. भाच्याने दोन आठवडे तो चालूच ठेवला. मग ऑसिलोस्कोपच्या एका चॅनेलवर जीपीएस, दुसऱ्यावर ओव्हन, आणि ट्रिगर जीपीएसवर. ओव्हनची लाट पडद्यावर डावीउजवीकडे सरकताना दिसते. १० मेगाहर्ट्झवर पूर्ण एक लाट सरकायला शंभर सेकंद लागले, तर चूक अब्जात एक. इतकी जुळणी हाताने सहज होते. जीपीएसची लाट क्षणाक्षणाला थोडी थरथरते, त्याला फसून स्क्रू फिरवीत बसू नये. काही मिनिटांची चाल पाहावी.

रात्री काउंटर मुख्य स्विचवरून बंद करू नये. स्टँडबायवर या मॉडेलचा ओव्हन तापलेला राहतो. वीज गेली तर आल्यानंतर तासभर तरी थांबून मगच संच जुळवावेत.

भाच्याने आता काउंटरवर चिठ्ठी लावली आहे. तीवर तपासणीची तारीख आणि निघालेला फरक. जुने संच त्याने जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बंदरावर जाऊन परत मागवले आणि मजुरी न घेता पुन्हा जुळवून दिले. दोन नौकांचे संच अजून यायचे आहेत.