यादीबाहेरचा रंग (जुन्या मोटारींची जपणूक : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण पत्र्याबद्दल बोललो. गंज कुठून शिरतो, कुठला भाग कापून नवा जोडावा लागतो आणि कुठला वाचवता येतो, हे पाहिलं. आता त्या पत्र्यावरचा रंग. विषय मोठा आहे, म्हणून आज त्यातला एकच प्रकार घेतो: कंपनीच्या छापील यादीत नसलेला, गिऱ्हाइकाने जादा पैसे भरून, महिनोन् महिने थांबून मागवलेला रंग. उदाहरण पोर्शेचं घेतो. या कंपनीने अशा रंगांची प्रथा दीर्घकाळ चालू ठेवली, आणि तिच्या जुन्या गाड्यांच्या नोंदी बऱ्यापैकी शाबूत आहेत.

पोर्शे ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात. उत्पादन सुरू झालं १९६४ मध्ये, स्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनला. दरवर्षी कंपनी रंगांचं एक पत्रक काढी. त्यात बहामा यलो, आयरिश ग्रीन, पुढे सिग्नल ऑरेंज, व्हायपर ग्रीन असे रंग असत. पण त्यातला एकही पसंत नसेल तर गिऱ्हाइकाला वेगळा रंग मागता येई. मागच्या वर्षी यादीतून काढून टाकलेला, दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या गाडीवर पाहिलेला, किंवा हातात नमुना देऊन ‘असा हवा’ म्हणून सांगितलेला. शौकिनांच्या बोलण्यात याला ‘पेंट टू सॅम्पल’ किंवा नुसतंच ‘पीटीएस’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा खास मागण्यांसाठी कारखान्यात वेगळी व्यवस्था झाली, आणि १९८६ मध्ये ‘पोर्शे एक्सक्लुसिव्ह’ हा विभाग उभा राहिला. त्याआधीही मोठ्या गिऱ्हाइकांचे हट्ट पुरवले जातच होते. ऑर्केस्ट्राचे जगप्रसिद्ध संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांना ९११ टर्बो हवी होती, पण एक हजार किलोच्या आत बसणारी, आणि अंगावर मार्टिनी रेसिंगचे पट्टे असलेली. कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यावर ती तशी बनवून दिली. मागच्या बाजूला जिथे ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, तिथे ‘फॉन कारायान’ अशी अक्षरं आहेत.

खरं तर मनाजोगता रंग मागवणं ही एके काळी नेहमीची गोष्ट होती. महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारखी कंपनी फक्त चासी आणि इंजिन देई. वरची बॉडी वेगळा कारागीर बांधी, आणि रंग ठरवी मालक. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये लंडनच्या थ्रप अँड मेबर्ली यांनी बॉडी बांधलेली भगवी-केशरी फँटम-२ कॉन्टिनेन्टल, म्हणजे ‘स्टार ऑफ इंडिया’, ही त्याच काळातली. ती अनेक वर्षं परदेशात फिरून पुन्हा राजकोटच्या घराण्याकडे आली आहे. मोटारी एका ओळीत, शेकड्यांनी बनायला लागल्या, तसा मालकाचा हा अधिकार गेला. जो रंग आज नळीत भरलेला आहे तोच सगळ्या गाड्यांना. चालू काम थांबवून, गन धुऊन, एकाच गाडीपुरता रंग भरणं कारखान्याला महाग पडतं. त्यामुळे अशा गाड्या कमीच बनल्या, आणि आज त्यांच्यासाठी शौकीन खूप जादा किंमत मोजतात.

किंमत वाढली की खोटेपणाही येतोच. इथे एक पेच आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. जुन्या पोर्शेच्या दाराच्या खांबावर धातूची छोटी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. नंतरच्या गाड्यांत पुढच्या डिकीच्या झाकणाखाली कागदी लेबल असतं (इंजिन मागे, म्हणून सामानाची डिकी पुढे). या पट्टीवर किंवा लेबलवर रंगाचा क्रमांक असतो. यादीतला रंग असेल तर काम सोपं: क्रमांक पाहा, तक्ता काढा, रंग मिळाला. यादीबाहेरचा रंग असेल तर मात्र पुष्कळ गाड्यांवर तिथे ९९ सारखा ठोकळ आकडा असतो. रंग ‘खास’ आहे एवढंच त्यावरून कळतं. निळा, हिरवा की जांभळा, ते कळत नाही. ज्या गाडीचा रंग सगळ्यांत दुर्मीळ, तिचीच पट्टी सगळ्यांत कमी सांगते.

मग कागद शोधावे लागतात. सुरुवातीच्या गाड्यांसाठी कारखान्यात एकेका गाडीचं कार्ड असे, त्याला ‘कार्डेक्स’ म्हणतात. त्यावर बॉडीचा आणि इंजिनाचा क्रमांक, रंग, आतलं कापड, पहिला विक्रेता अशा नोंदी हाताने केलेल्या असतात. कंपनी आपल्या दप्तरातून गाडीची माहिती काढून दाखलाही देते. पण कधी कधी दाखल्यावरसुद्धा ‘खास मागणीचा रंग’ एवढंच येतं. मूळ विक्रीची पावती, सर्व्हिस बुक, पहिल्या मालकाच्या घरातले रंगीत फोटो, यांपैकी जे मिळेल ते जमवावं लागतं. जुन्या फोटोवर रंगाच्या बाबतीत मात्र फार विसंबू नये. पन्नास वर्षांत फोटोचे रंगच फिरलेले असतात. गाडी गडद होती की फिकी, यापलीकडे त्यातून खात्रीचं काही हाती लागत नाही.

आणि म्हणूनच सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार गाडीच्या अंगावरच शोधायचा. मूळ रंगाचा निदान एक तुकडा बहुतेक प्रत्येक गाडीत कुठे ना कुठे उरलेला असतो. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखाली, गालिच्याखालच्या जमिनीवर, काचेच्या रबर बीडिंगखाली, पेट्रोलच्या झाकणाच्या आत, कुलपाच्या किंवा बिजागरीच्या पट्टीखाली. इथे ऊन पोहोचलेलं नसतं, पॉलिश लागलेलं नसतं, आणि घाईत दुसऱ्यांदा रंगवणाऱ्याने तिथवर गन नेलेली नसते. अशी गाडी विकत घेताना मी बॉनेट आणि दारं पाहण्याआधी या जागा पाहतो. जाडी मोजणारं छोटं मीटर मिळतं, तेही सोबत असावं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. दोनशेच्या बराच पुढे आकडा गेला तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे, आणि हजाराच्या वर गेला तर आत लांबी भरलेली आहे असं समजावं.

माझं म्हणणं या लेखात एकच आहे, ते इथे ठामपणे सांगतो. गाडी रंगासाठी उघडली की गॅरेजमध्ये पहिलं काम होतं ते सगळा जुना रंग उडवण्याचं. केमिकल लावून किंवा वाळूचा मारा करून पत्रा नागवा करतात. मालक खूश होतो, कारण पत्रा चकचकीत दिसतो. पण त्या एका दिवसात गाडीवरचा शेवटचा खरा पुरावा नाल्यातून वाहून जातो. यादीबाहेरच्या रंगाच्या बाबतीत हे नुकसान कधीच भरून येत नाही, कारण त्याचा दुसरा नमुना जगात कुठे नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून काम सुरू करायच्या आधी मूळ रंगाची एक जागा नक्की करा, तिच्यावर कागदी टेप लावा, आणि ती कुणीही खरवडायची नाही असं मिस्त्रीला लेखी द्या. गाडी पूर्ण झाल्यावरही ती जागा तशीच राहिली पाहिजे. डॅशबोर्डमागे हाताच्या पंजाएवढा भाग जुना राहिला तर गाडीच्या देखणेपणात काहीही कमी होत नाही.

आता जुळवणी. मोजणीचं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, त्या जागेवर टेकवलं की ते रंगातून परतणाऱ्या प्रकाशाचे आकडे देतं आणि त्यावरून सूत्र निघतं. पण सूत्र निघालं म्हणजे रंग जुळला असं नाही. आज वापरायची रंगद्रव्यं निराळी आहेत. १९६०-७० च्या दशकांतले ते धगधगीत नारिंगी आणि पिवळे रंग शिशाच्या क्रोमेटवर उभे होते. त्यांचं झाकण्याचं बळ मोठं, पातळ हातातही खालचं काही दिसत नसे. शिसं आरोग्याला घातक म्हणून हटवलं गेलं, आणि ते योग्यच झालं. युरोपात ही द्रव्यं २०१५ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. पण त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय द्रव्यं जरा पारदर्शक असतात. खालचं प्रायमर करडं असेल तर वरचा नारिंगी मळकट दिसतो. मग अस्तरच योग्य छटेचं घ्यावं लागतं आणि हात जास्त द्यावे लागतात.

शिवाय द्रव्यं निराळी असली की दुसरी अडचण येते. दोन रंग गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली अगदी एक दिसतात आणि बाहेर उन्हात नेले की एकात तांबूस झाक उमटते. यंत्राने एका प्रकाशात होकार दिला म्हणून पुढे जाऊ नये. नमुन्याची पट्टी रंगवून ती सकाळच्या उन्हात, ढगाळ दुपारी आणि रात्री पिवळ्या बल्बखाली मूळ तुकड्याशेजारी धरून पाहावी. घाई करणाऱ्या मालकांना हे पटत नाही, पण एकदा पूर्ण गाडी चुकीच्या छटेत रंगवून झाली की ती उतरवण्याचा खर्च दुप्पट येतो.

रंगाची जातही जुळायला हवी. आपल्याकडे गॅरेजात ‘एनसी’ आणि ‘पीयू’ हे दोन शब्द सर्रास चालतात. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२० च्या दशकात ड्युपॉन्टच्या ‘ड्युको’मुळे तो मोटारींवर आला आणि वाळायला लागणारा आठवड्यांचा काळ तासांवर आला. पीयू हा हार्डनर घालून मारायचा आजचा टिकाऊ रंग. जुन्या पोर्शेवरचे साधे रंग क्लिअर कोटशिवाय, एकाच थरात असत. त्यांची चमक खोल आणि थोडी मऊ असते. त्यावर आजच्या पद्धतीने जाड क्लिअर मारला की गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी दिसते. छटा बरोबर असूनही काहीतरी खटकतं, ते हेच.

मेटॅलिक रंग तर पूर्णपणे हाताचं काम. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, आणि ते रंगाच्या थरात आडवे बसतात की तिरपे, यावर छटा ठरते. गन जवळ धरली, थर ओला पडला, तर कण बुडतात आणि रंग गडद दिसतो. हवेचा दाब जास्त, थर कोरडा, तर फिका. एकाच डब्यातला रंग दार आणि मडगार्डवर वेगळा दिसू शकतो. म्हणून कसबी रंगारी सगळे सुटे भाग एकाच दिवशी, गाडीवर जसे बसतात त्याच स्थितीत टांगून, एकाच हाताने रंगवतो. अशा माणसाला मजुरीत घासाघीस करू नये.

आता एक अवघड प्रश्न: परत आणायचा तो कुठला रंग? कारखान्याचाच, असं उत्तर पटकन सुचतं, आणि पीटीएस गाडीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पण नेहमी नाही. गायिका जॅनिस जॉपलिनची १९६४ ची पोर्शे ३५६ कारखान्यातून डॉल्फिन ग्रे निघाली होती. १९६८ मध्ये तिने ती वापरलेली घेतली आणि आपल्या चमूतल्या डेव्ह रिचर्ड्सकडून ५०० डॉलरमध्ये सबंध गाडीभर चित्रं काढून घेतली. पुढे गाडी चोरीला गेली. चोराने ओळख पटू नये म्हणून वरून करडा रंग मारला. रिचर्ड्सने चित्रांवर क्लिअर कोट दिलेला होता, म्हणून वरचा रंग काढता आला आणि चित्रं वाचली. जॅनिस १९७० मध्ये गेली. नंतर चित्रांचे पोपडे निघू लागले तेव्हा घरच्यांनी गाडी पुन्हा मूळच्या करड्या रंगात रंगवली, आणि काही वर्षांनी, १९९० च्या दशकात, फोटोंवरून तीच चित्रं नव्याने काढून घेतली. २०१५ च्या लिलावात ती साडेसतरा लाख डॉलरच्या वर गेली. आज दिसतात ती चित्रं नक्कल आहेत. घरच्यांचा हेतू चांगला होता, आणि त्या काळी कोणीही तसंच केलं असतं. पण चोराच्या हातून वाचलेली गोष्ट जीर्णोद्धारात गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

हॉलिवूड अभिनेता स्टीव्ह मक्वीनची १९६७ ची फेरारी २७५ जीटीबी/४ याच्या उलट. कारखान्यातून ती ‘नोच्योला’ या तपकिरी छटेत आली. मक्वीनने लगेच ती गडद लाल, ‘कियांती रेड’ करून घेतली. नंतरच्या एका मालकाने तिचं छप्परच कापून ती उघडी केली होती. जीर्णोद्धाराच्या वेळी फेरारीच्या कारखान्यानेच छप्पर परत बसवलं आणि रंग दिला तो मक्वीनचा लाल. हा निर्णय मला योग्य वाटतो. त्या गाडीचं आयुष्य ज्या रंगात गेलं, तो लाल होता.

आणि मूळ रंग अजून बऱ्यापैकी शाबूत असेल, कुठे ओरखडे, कुठे टचिंग, एवढंच असेल, तर मुळीच रंगवू नका. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिच्या ट्युरिन सनदेतही जपणूक आधी आणि जीर्णोद्धार नंतर, असाच क्रम आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटार-मेळ्यात २००१ पासून न रंगवलेल्या, न उघडलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे.

आपल्याकडे जुनी गाडी ठेवणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं; चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत ही अट. आरसीवर रंगाचीही नोंद असते, म्हणून रंग बदलला तर आरटीओत ती दुरुस्त करून घ्यावी लागते. पण तिथे ‘ग्रे’ किंवा ‘ब्ल्यू’ एवढाच शब्द बसतो. खऱ्या रंगाची फाइल तुम्हालाच करायची आहे: कारखान्याचा दाखला, मूळ जागेचे काम सुरू होण्याआधीचे फोटो, यंत्राने दिलेलं सूत्र, रंग कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या जातीचा, अस्तर कुठलं, किती हात दिले, आणि त्याच दिवशी त्याच गनने रंगवलेली पत्र्याची एक पट्टी. ही पट्टी जाड कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. गाडी विकली तर फाइलसोबत नव्या मालकाला द्या.

पुढच्या लेखांकात आतली बैठक: चामडं, कापड आणि घोड्याच्या केसांची गादी.