‘किरकोळ’ अपघाताची नोंद

‘काही नाही हो, किरकोळ लागलंय!’ अपघाताच्या जागी हे वाक्य हमखास ऐकू येते. मोटार अपघातांचे दावे चालवताना मी ते अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. आज त्या वाक्याविषयीच थोडे बोलणार आहे.

२०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या एक बाई सकाळी कामावर निघाल्या होत्या. चौकात एका मोटारीचा धक्का लागला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मोटार चालवणारा तरुण भला होता. तो थांबला, त्याने बाईंना उठवून बसवले, हजार रुपये हातावर ठेवले. जमलेले लोक म्हणाले, ‘मिटवून टाका.’ मिटले. संध्याकाळी मनगट सुजले. रात्री इस्पितळात एक्स-रे काढला, तर हाड मोडलेले. केसपेपर करताना डॉक्टरांनी विचारले, ‘कसं लागलं?’ पोलिसांचे लचांड मागे नको म्हणून भाच्याने सांगून टाकले, ‘मावशी घरात पाय घसरून पडली.’

दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. त्यानंतरही लाटणे धरवेना. काम गेले, तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. चौकातल्या पानवाल्याने मोटारीचा नंबर लिहून ठेवला होता, गाडीचा विमाही चालू होता. पण उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी तो केसपेपर पुढे केला. अपघात झाल्याचेच सिद्ध होईना. दावा फेटाळला गेला.

यातली खरी हळहळ पुढे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा काढणे प्रत्येक मालकाला सक्तीचे आहे. चालकाची चूक ठरली की मालकही जबाबदार असतो आणि विम्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर भरपाई विमा कंपनी देते. म्हणजे त्या तरुणाच्या गाडीचा हप्ता अशाच प्रसंगासाठी भरलेला होता. दावा लावला तर त्या चांगल्या मुलाचे घर बुडेल, ही बाईंची भीती अनाठायी होती.

दुसरे असे की, ‘किरकोळ’ कशाला म्हणायचे हे रस्त्यावर ठरत नाही. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशा दुखापतीसाठी चालकाची चूक सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात. चूक दाखवता येत असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे औषधोपचार, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास आणि पुढे कमी होणारी कमाई हे सारे मागता येते. आपलीही काही चूक असली, तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते. कायमचे अपंगत्व आले असेल, तर ते माणसाच्या कामाशी ताडून पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. हात गमावलेल्या सुताराचे नुकसान आणि कारकुनाचे नुकसान सारखे नसते. पोळ्या लाटणाऱ्या बाईंचे मनगटही याच न्यायाने मोजले गेले असते. पण कोणत्याही वाटेने गेलात, तरी इजा त्याच गाडीमुळे झाली हे दाखवावेच लागते.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. गाडीचा नंबर आणि चालकाचे नाव टिपून घ्या. मोबाइलवर फोटो काढता आला तर उत्तमच. दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोलिसांत नोंद करा. बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, पगाराचा कागद जपून ठेवा. ‘माझी तक्रार नाही’ अशा चिठ्ठीवर घाईने सही करू नका. दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर थांबू नका. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मोटार चालवणाऱ्यांनाही एक सांगणे. जखमीला उपचार मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. हातावर पैसे ठेवले म्हणून जबाबदारी संपत नाही.

निकालानंतर बाईंनी मला विचारले, ‘वकीलसाहेब, त्या रात्री खरं सांगितलं असतं तर?’ मला उत्तर देणे जड गेले. तेव्हा डॉक्टरांनी ‘कसं लागलं?’ असे विचारले की घडले तेच सांगा, आणि कागदावर तेच लिहिले गेले आहे ना, हे तिथेच वाचून पाहा.