आकाशातील अंतर आणि प्रवासाची पडतळ

भाव आणि पडतळ यांतील भेद आपल्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. भाव बाजारात बोलला जातो. परंतु हमाली, तोलाई, बारदान व भाडे चढल्यावाचून माल दुकानी येऊन पडत नाही. विमानाच्या अंतराचे व वेळेचे असेच आहे. हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो, सबब तो येथे मांडीत आहोत.

गतवर्षी भोपाळ येथे आमच्या पेढीच्या एका प्रकरणाची सुनावणी सकाळी ११ वाजता होती. आमच्या पुतण्याने मोबाईलवर नागपूर-भोपाळ विमानप्रवासाचा वेळ पाहिला. तेथे तासाच्या आतला आकडा होता. त्या भरवशावर त्याने रात्रीची रेल्वेगाडी जाऊ दिली. तिकीट काढावयास गेला तेव्हा कळले की, त्या सकाळी या मार्गावर थेट विमानच नव्हते! पुढच्या गाडीने तो दुपारी पोहोचला. तोवर तारीख हुकली होती.

आकडा मात्र खोटा नव्हता. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून भोपाळच्या राजा भोज विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. यंत्र दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन ते काढते आणि त्यास विमानाच्या वेगाने भागते. त्या दिवशी विमान सुटते की नाही, हे ते पाहत नाही. एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर धरल्यास उत्तर ३६ मिनिटे येते. परंतु जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी वळसा घेणे, हे सर्व मिळून तास सहज होतो.

याच दोन शहरांतील लोहमार्ग पांढुर्णा, आमला, बैतूल, इटारसी असा सातपुडा ओलांडीत जातो. म्हणून तो सुमारे ३९० किलोमीटरांचा आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहावे: आकाशातील सरळ रेषा पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधूनच जाते. तथापि त्या विमानात बसण्यासाठी पांढुर्ण्याच्या माणसास आधी उलट दिशेने नागपूर गाठावे लागते!

आता पडतळ काढू. पांढुर्ण्याहून विमानतळापर्यंत दोन तास, सुटण्यापूर्वीची हजेरी दीड तास, विमान एक तास, उतरून भोपाळ शहरात पोहोचण्यास एक तास. एकूण साडेपाच तास. पांढुर्ण्याहून थेट रेल्वेनेही साधारण तितकाच वेळ लागतो. सौंसर नागपुरास अधिक जवळ असल्याने तेथील बंधूंस विमानाचा हिशेब थोडा बरा पडेल, एवढेच.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळास झाली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, त्यामुळे काही कामे घराजवळ आली. पण राजधानीची वाट चुकलेली नाही.

यास्तव तरुण बंधूंस विनंती की, अंतराच्या आकड्यावर विसंबू नये. प्रथम वेळापत्रक पाहावे, मग घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंत वेळ मोजावा, आणि तारीख महत्त्वाची असल्यास आदल्या रात्रीच निघावे. वहीत लिहिलेला भाव आणि हाती आलेला माल यांची गाठ जो घालून पाहतो, त्यासच आपण व्यापारी म्हणतो.