ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही

सिझेरियनच्या टेबलावर पाठीत इंजेक्शन देऊन झालं आणि बाईचे पाय जड होऊ लागले, की भूलतज्ज्ञ एक वाक्य हमखास सांगतात : ओढल्यासारखं वाटेल, दाबल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. बहुतेक जणींच्या बाबतीत हे खरं ठरतं. काहींच्या बाबतीत ठरत नाही, आणि तसं झालं की ‘तो ताण आहे, दुखणं नव्हे’ असं त्यांनाच समजावलं जातं. या साध्या वाक्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. विज्ञानानं वेदनेवर मिळवलेला विजय म्हणून तो सांगितला जातो आणि ते खोटंही नाही. पण या खटल्यात मुख्य साक्षीदाराला फार उशिरा बोलावलं गेलं. आई जगली का, बाळ रडलं का, सर्जनला नीट काम करता आलं का, हे सगळं आधी विचारून झालं. बाईला काय जाणवलं, याला पुराव्याचं स्थान मिळालं ते शेवटी. आणि मागं वळून पाहिलं तर असं दिसतं की जेव्हा जेव्हा ते स्थान मिळालं, तेव्हा तेव्हा भूल देण्याची रीत सुधारली.

सुरुवात एडिनबरामधली. जेम्स यंग सिम्पसन यांनी जानेवारी १८४७ मध्ये बाळंतपणात ईथर वापरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. धर्माच्या नावानं आक्षेप आले, कारण बाईनं यातनेतच प्रसवावं असं बायबलच्या पहिल्याच पुस्तकात म्हटलेलं. सिम्पसननी त्याच पुस्तकातून उत्तर काढलं : आदमची बरगडी काढण्याआधी देवानंच त्याला गाढ झोप लावली होती. वैद्यकीय आक्षेप जास्त चिवट होते. फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज यांच्या मते कळा ही निसर्गाची उपयोगी खूण होती, ती पुसणं धोक्याचं. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी रुमालावर क्लोरोफॉर्म दिलं. राणीनं रोजनिशीत त्याची मनापासून तारीफ केली आणि निदान वरच्या वर्गात तरी वाद निवळत गेला. म्हणजे बाईचा शब्द चालला, पण ती बाई इंग्लंडची राणी होती. शिवाय तिचं बाळंतपण नैसर्गिक होतं. त्या काळात पोट फाडून बाळ काढणं म्हणजे बहुधा आईचा मृत्यूच. १८८२ मध्ये मॅक्स सेंगर यांनी गर्भाशय शिवण्याची पद्धत रूढ करेपर्यंत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांच्यापुढे वेदनेचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. (युरोपात ही गत असताना, आजच्या युगांडात १८७९ मध्ये रॉबर्ट फेल्किन यांनी एक सिझेरियन पाहिलं. तिथल्या वैद्यानं बाईला आधी केळ्याची दारू पाजली होती.) आपल्याजवळ म्हणाल तर निजामाच्या खर्चानं हैदराबादेत १८८८-८९ मध्ये क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो आधी श्वास थांबून की हृदय थांबून, यावर प्राण्यांवर प्रयोग झाले आणि वाद लंडनपर्यंत गेला. प्रश्न रास्तच होता. पण त्या काळात भुलेविषयी मोठ्यानं विचारला जाणारा प्रश्न मरणाचाच असे.

जाणवण्याचा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उभा राहिला तो जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये, आणि तोही उलट्या बाजूनं. कार्ल गाउस आणि बर्नहार्ड क्रोनिग यांनी १९०६ च्या सुमारास मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांची जोडी बाळंतपणात पद्धतशीरपणे वापरली. मॉर्फिननं वेदना थोडी बोथट व्हायची आणि स्कोपोलामिननं आठवण पुसली जायची. मात्रा पुरी झाली की नाही हे ठरवायला बाईला एखादी वस्तू दाखवत, थोड्या वेळानं तीच पुन्हा दाखवून ‘ही मघाशी पाहिली होती का’ असं विचारत. आठवत नसेल तर औषध लागू पडलं. कळा येत होत्या, बायका ओरडत होत्या, कधी पलंगावर उसळत होत्या. जागं झाल्यावर मात्र ‘मला काहीच कळलं नाही’ असं सांगत होत्या. १९१४-१५ मध्ये अमेरिकेत या ‘सांजझोपे’साठी बायकांनीच चळवळ उभारली, सभा घेतल्या, मासिकांतून लेख लिहिले. बायकांचं ऐकलं गेलं नाही हे विधान इथं खोटं पडतं, असं कुणी म्हणेल. पण त्या साक्ष देत होत्या ती आठवणीची. प्रत्यक्ष भोगण्याची साक्ष औषधानं आधीच काढून घेतलेली होती. चळवळीतल्या एक पुढारी बाई १९१५ मध्ये बाळंतपणात वारल्या आणि जोर ओसरला, तरी स्कोपोलामिन अमेरिकेतल्या प्रसूतिगृहांत पुढं कित्येक दशकं टिकलं. जे भोगलं पण आठवत नाही, ते भोगलं म्हणायचं की नाही? हा प्रश्न तिथं सुटला नाही आणि पुढच्या टप्प्यावर तो जास्त भयंकर रूपात परतला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर सिझेरियन वाढलं आणि त्याबरोबर संपूर्ण भूलही. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गर्भारपणांच्या नोंदी तपासून दाखवलं की भुलेत पोटातलं अन्न किंवा आम्ल फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना होत्या. सिझेरियनआधी उपाशी ठेवतात ते मुख्यतः यासाठी. मग श्वासनळीत नळी घालणं आलं, त्यासाठी स्नायू लुळे पाडणारी औषधं आली. दुसरीकडे, आईला दिलेलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत भूल शक्य तितकी हलकी ठेवायची असा दंडक पडला. १९५२ मध्ये व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळाची स्थिती दहा गुणांत मोजण्याची पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. आईला मात्र असा तक्ता नव्हता. हलकी भूल आणि लुळे स्नायू एकत्र आले की काय होतं, हे उघड आहे : बाई शुद्धीवर येऊ शकते, चाकू जाणवू शकतो, माणसांचं बोलणं ऐकू येऊ शकतं, आणि बोटही हलवता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती शांत झोपलेली दिसते. बायका नंतर हे सांगू लागल्या तेव्हा ‘स्वप्न पडलं असेल’ हे उत्तर सोपं होतं. ज्यांनी ते उत्तर दिलं नाही त्यांच्यामुळे पद्धत बदलली. ग्लासगोच्या मॉइर यांनी १९७० मध्ये हॅलोथेन या भुलेच्या औषधाची अगदी थोडी मात्रा चालू ठेवली, तर आईची जाग टळते आणि बाळाचं नुकसानही होत नाही, असं मांडलं. ॲबर्डीनच्या टनस्टॉल यांनी १९७७ मध्ये आणखी साधी युक्ती केली. लुळं पाडणारं औषध देण्याआधी एका दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवायचा, म्हणजे तो हात औषधापासून वाचतो. मग भुलेत असलेल्या बाईला म्हणायचं, ‘ऐकू येत असेल तर हात हलवा.’ काही बायका हलवत. त्यातल्या अनेकींना नंतर काहीही आठवत नसे. फ्रायबुर्गचा प्रश्न इथं प्रयोगाच्या रूपात समोर आला : नंतरच्या आठवणीवरून भुलेची परीक्षा घ्यायची ठरवली, तर या बायका कुठल्याच हिशेबात येत नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीनं २०१४ मध्ये सांगितलं की संपूर्ण भुलेत जाग आल्याची तक्रार एकंदर शस्त्रक्रियांत साधारण १९,००० मागे एक असते, सिझेरियनमध्ये मात्र ६७० मागे एक.

मणक्यातल्या भुलेचा प्रवास वेगळा आणि थोडक्यात सांगण्याजोगा आहे. किएलच्या ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून ती पहिल्यांदा दिली. स्वतःवर आणि साहाय्यकावर प्रयोग करून दोघांनी नंतर जबर डोकेदुखी सोसली. दोनच वर्षांनी बाझलच्या ओस्कर क्राइस यांनी ती बाळंतपणात वापरली. बारीक, टोकाला पेन्सिलीसारख्या सुया आल्या, कोकेन मागं पडून बुपिव्हाकेनसारखी औषधं आली, आणि डोकेदुखीचं प्रमाण पुष्कळ उतरलं. पण ही पद्धत जिंकली ती मृत्यूच्या आकड्यांवर. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, १९८५ ते १९९० या काळात सिझेरियनमध्ये संपूर्ण भुलेनं मृत्यू येण्याचा धोका मणक्यातल्या किंवा एपिड्युरल (पाठीतल्या बारीक नळीतून द्यायच्या) भुलेच्या सोळापटीहून जास्त निघाला. यात एक मेख आहे : संपूर्ण भूल बहुधा तातडीच्या, आधीच गंभीर झालेल्या बायकांना दिली जाते, त्यामुळे सगळा दोष भुलेचा नव्हे. पुढच्या वर्षांत ही तफावत बरीच आटलीही. तरी निर्णय बरोबर होता. त्याचा एक परिणाम मात्र कुणी ठरवून आणलेला नव्हता : साक्षीदार आता टेबलावर जागा होता आणि बोलू शकत होता.

त्याला काय जाणवतं? सुई गेल्यावर काही क्षणांत पायांत ऊब, मुंग्या, मग जडपणा. गर्भाशयाच्या नसा कमरेच्या वरच्या भागातून निघतात, पण पोटाच्या आतलं आवरण ओढलं जातं त्याची जाणीव बरीच वरपर्यंत जाते. म्हणून बधिरपणा स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढवावा लागतो. छातीच्या भिंतीला स्वतःची हालचाल कळेनाशी होते आणि श्वास अडकल्याची भीती वाटते. प्रत्यक्षात श्वासपटलाच्या नसा मानेतून येतात, श्वास चालूच असतो. रक्तदाब घसरला की आधी मळमळतं, अनेकदा बाईच्या त्या तक्रारीवरूनच यंत्राच्या आधी डॉक्टरांना कळतं. थंडी भरल्यासारखी थरथर येते. बाळ काढताना वरून पोट दाबतात तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. टाके घालायला गर्भाशय बाहेर उचललं तर पुन्हा मळमळ, कारण पोटातून मेंदूकडे जाणारी एक मोठी नस या भुलेच्या कक्षेबाहेर राहते. ब्रिटिश डॉक्टर बायकांना सांगतात की पोटात कुणी भांडी घासतंय असं वाटेल, आणि ती उपमा चपखल आहे. हे सगळं अपेक्षित आहे. टोचणं, कापणं, जळणं अपेक्षित नाही.

या दोहोंमधली सीमा तपासण्याची रीत ठरवायला १९९५ उजाडलं. तोवर कुणी बर्फ लावून पाही, कुणी सुईचं टोक. हल शहरातल्या रसेल यांनी सिझेरियनच्या बायकांमध्ये बधिरपणाच्या पातळ्या, हलक्या स्पर्शाच्या पातळीसह, एकत्र मोजल्या. थंडीची जाणीव जिथपर्यंत गेलेली असते तिथपर्यंत हलक्या स्पर्शाची गेलेली असेलच असं नाही. शस्त्रक्रियेत दुखेल की नाही याचा भरवशाचा अंदाज मिळत होता तो स्पर्शावरून. म्हणजे बर्फ लावून ‘झालं’ म्हणणारा डॉक्टर खोटं बोलत नव्हता, तो चुकीच्या जागी मोजत होता. आणि ‘दुखतंय’ म्हणणारी बाई घाबरट नव्हती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, मणक्यातल्या किंवा एपिड्युरल भुलेत जादा औषधाची गरज पडण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं. कळांसाठी आधी लावलेल्या एपिड्युरलवरच सिझेरियन केलं तर ते आणखी चढतं. त्याच वर्षी ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आल्या : बाईचं म्हणणं खरं माना, शक्य असेल तर सर्जनला थांबवा, संपूर्ण भुलेचा पर्याय द्या, नंतर भेटून बोला.

आक्षेप तीन बाजूंनी येतात. पहिला : आधीच इतकं सांगितलं तर बाई घाबरेल आणि साध्या ताणालाही दुखणं म्हणेल. भीतीनं वेदना वाढते हे खरं आहे. पण श्वास अडकल्यासारखा वाटेल हे ज्या बाईला माहीत नाही, ती त्या क्षणी जास्त घाबरते. दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. बाईचं म्हणणं पुरावा मानायचं, तर ‘पाठीतल्या सुईनं कायमची कंबर धरली’ हेही मानायचं का? दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत एपिड्युरलमुळे जुनाट कंबरदुखी वाढल्याचं दिसलेलं नाही. इथं फरक करायला हवा. कंबर दुखते, याची साक्ष फक्त तीच देऊ शकते. ती कशामुळे दुखते, हे तिच्या साक्षीनं ठरत नाही. टेबलावर ती कारण सांगत नसते, दुखतंय एवढंच सांगत असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जिथं भूलतज्ज्ञच मिळत नाहीत तिथं जीव वाचला हेच पुष्कळ. सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं भुलेचं प्रशिक्षण देण्याची योजना काढली ती याच टंचाईपोटी, आणि तिनं जीव वाचवले असतील यात शंका नाही. पण देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात त्याच पाहणीत एकूण आकडा पंचवीस टक्क्यांच्या पुढं होता, गोव्यात चाळिशीच्या जवळ. इतक्या बायकांच्या बाबतीत अपवादात्मक परिस्थितीचा युक्तिवाद टिकत नाही. कापसाच्या बोळ्यानं स्पर्श तपासायला यंत्र लागत नाही, ‘दुखतंय का’ विचारून थांबायला खर्च येत नाही. टंचाईच्या नावाखाली खरं तर दुसरीच सवय चालते : भूल अपुरी पडली की बाळ निघाल्यावर शिरेतून गुंगीचं औषध द्यायचं आणि वेळ मारून न्यायची. दुखणं थांबवायला दिलं तर ते औषध योग्यच आहे. तक्रार थांबवायला दिलं तर ती १९०६ ची सांजझोप आहे.

घरात कुणाचं सिझेरियन ठरलं असेल तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. भूल चढली हे कशानं तपासणार, स्पर्शानं की फक्त बर्फानं? मध्येच दुखलं तर कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि सांगितल्यावर तुम्ही काय कराल?