चष्मा गेला, डोळा तोच

आंबवड्याच्या नागेश्वराला सांजेचा दिवा लागतो. झुलत्या पुलाकडे परतताना मी मागे वळून पाहतो, तर दिव्याभोवती मला खळं दिसतं. चंद्राला पडतं ना, तसं. बरोबरच्यांना ते दिसत नाही.

२००१ साली, सव्विसाव्या वर्षी, मी पुण्यात लॅसिक करून घेतलं. नंबर होता उणे सहा. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसलं आणि आईनं देवापुढे साखर ठेवली. तो आनंद खरा होता, आजही आहे. तक्त्यावरची शेवटची ओळ मी परवापरवापर्यंत वाचत होतो. पण तक्ता उजेडात वाचायचा असतो. भोरहून रात्री गाडी आणताना समोरचे दिवे फुटतात, विस्कटतात.

कारण साधं आहे. कॉर्निया म्हणजे डोळ्याचं पुढचं पारदर्शक पटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लेसर त्याचा मधला भाग तासून चपटा करतो. नंबर मोठा तितकं तासणं खोल. अंधारात बाहुली मोठी होते आणि तासलेल्या भागाच्या कडेचा प्रकाशही आत शिरतो. नव्या यंत्रांनी हा त्रास कमी केला आहे. चाळिशीचा जवळचा चष्मा मात्र लेसरनंतरही चुकत नाही.

यंदा डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आणि विचारलं, ‘‘लेसरच्या आधीचे कागद आहेत?’’ मी गप्प. मोतीबिंदूनंतर बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेसरने ती बदललेली असल्यानं नेहमीचा हिशेब चुकू शकतो. आता नवी सूत्रं आहेत, तरी जुन्या नोंदींचा पडताळा मोलाचा. पातळ कॉर्नियामुळे डोळ्याचा दाबही असतो त्याहून कमी दिसतो, म्हणजे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. आणि लेसरने नंबर गेला तरी लांबट डोळा लांबटच राहतो. पडदा सुटण्याचा धोका जात नाही.

कागद अखेर गावी सापडले. आईनं पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्यांसोबत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपले होते.

घरातल्या कुणी लेसर केलं असेल, तर आजच ते कागद शोधा. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्या. जे अजून करणार आहेत, त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारावं : अंधारात माझी बाहुली किती मोठी होते?