वणव्याआधीची तयारी : पाड्यावरच्या लहान धंद्यांसाठी

मुंबई आणि ठाणे या शहरांच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे, येऊरला आणि लगतच्या आरे परिसरात वारली, कोकणा, मल्हार कोळी बांधवांचे पाडे आहेत. चहाची टपरी, रोपवाटिका, भाजी, शिवणकाम, वारली चित्रे असे त्यांचे लहान लहान धंदे आहेत. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. पण गोरेगावजवळच्या डोंगरावर ३ डिसेंबर २०१८ रोजी मोठी आग लागली. म्हणजे गवत वाळले की धोका सुरू झाला.

मोठ्या कारखान्याकडे पाण्याचे पंप असतात, पहारेकरी असतात, विमा असतो. पाड्यावरच्या ताईचे शिलाई यंत्र आणि कापडाचा गठ्ठा जळाला, तर कमाई बंद होते आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून ही तयारी समजून घेणे आवश्यक आहे.

आग दुकानापर्यंत कशी येते?

वणव्याच्या ज्वाळा भिंतीपर्यंत पोचण्याआधीच वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या येऊन पडतात. छपरावरचा पालापाचोळा, दाराशी ठेवलेली खोकी, ताडपत्री, पेंढा यांत ठिणगी धुमसते आणि आतून आग लागते. आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात : विझवलेली नसलेली विडी, जाळलेला कचरा, वाऱ्याच्या वेळी केलेली राबभाजणी. यात शहरातून फिरायला येणारेही आले. दोष केवळ आदिवासींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

काय करावे?

१. दुकानाभोवती निदान पाच फूट जागा अगदी स्वच्छ ठेवावी. त्यापुढचे वाळके गवतही कापून दूर न्यावे. आग चढावर वेगाने धावते, म्हणून उताराच्या बाजूला ही जागा अधिक रुंद असावी.

२. छपरावरचा पाला दर आठवड्याला काढावा. भिंतीच्या व छपराच्या फटी बुजवाव्यात. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी लावावी.

३. पेंढा, लाकूड, रिकामी खोकी दुकानाला टेकून ठेवू नयेत. पेंढ्याची एकच मोठी गंजी न रचता लहान गंज्या अंतराने रचाव्यात.

४. पाण्याचे पिंप, वाळूच्या बादल्या, ओली पोती तयार ठेवावीत. आग लहान असेल तरच विझवायला जावे. धूर दाटला की माल सोडून बाहेर पडावे.

५. परवाना, आधार, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती पाड्याबाहेर विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात. मालाची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवावीत.

६. म्हाताऱ्या माणसांना कोण नेईल, शेळ्यांचे दावे कोण सोडील, सर्वांनी कोठे जमायचे, हे आधीच ठरवावे. वनखात्याचा १९२६, अग्निशमन दलाचा १०१ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक दारावर लिहावेत.

विमा

लहान धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा ठरावीक स्वरूपाचा विमा मिळतो. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला तो लागू आहे आणि जंगलातील आगीने झालेले नुकसान त्यात धरले जाते. पाड्यावर ही माहिती क्वचितच पोचते.

आपण काय करू शकतो?

आपल्या मंडळ्यांत विमा, बँक, अग्निशमन या क्षेत्रांत काम करणारे पुष्कळ बंधुभगिनी आहेत. दिवाळीनंतरचा एखादा रविवार त्यांनी पाड्यावर द्यावा. एक अर्ज भरून द्यावा, चार झरोक्यांना जाळी ठोकावी, म्हाताऱ्या आजीच्या छपरावरचा पाला काढावा. जळालेली टपरी पुन्हा उभी करण्यासाठी आपण आनंदाने देणगी देतो. ती जळू नये म्हणून लागणारा खर्च त्या मानाने फारच थोडा आहे.